काळ्या पायांचे पार्ट

पार्ट बोर्डात बसवायच्या आधी त्याचे पाय खरडायचे असतात, हे मला बापूंनी शिकवलं. बापू म्हणजे माझे वडील. रेझिस्टन्स असो की कंडेन्सर, त्याला तारेचे दोन पाय असतात. ते बोर्डाच्या भोकांतून खाली ओवायचे, बोर्ड पालथा करायचा आणि मागच्या बाजूला तांब्याची जी पट्टी असते, तिला प्रिंट म्हणतात, ती आणि पाय दोन्ही एकदम कैयानं तापवायचे. कैया म्हणजे डाख लावायची विजेची सळई. मग कथलाची तार नुसती टेकवायची. ती आपणहून वितळून भोकाभोवती बसली पाहिजे. "कथील कैयावर घेऊन वरून थापशीन तर ते बसल्यासारखं दिसते, पण बसत नाही," बापू म्हणायचे. "मंग सहा महिन्यानं गिऱ्हाईक येते अन् म्हणते, थापड मारली की वाजते, नाही मारली की बंद."

आमच्या तांड्यावर सगळे गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलतात. घरात आमचंही तेच. पण दुकानाची गोष्ट निघाली की बापू आणि माझा भाऊ आपोआप वऱ्हाडीवर यायचे, कारण ते काम ते आर्णीच्या बाजारात शिकले होते. म्हणून कैयाची सगळी बोलणी मला अजून वऱ्हाडीतच ऐकू येतात. भावाचं नाव वसंता. मी त्याला भिया म्हणायची. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, उंच आणि बोलका. दुकानात तो बसला की गिऱ्हाईक रेडिओ ठेवून घरी जायच्या ऐवजी तिथंच बसून राहायचं. मी त्याच्या उलट. पाव्हणा आला की मी मागच्या दारानं गोठ्यात जायची. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा आर्णीला होती आणि रस्त्यानं एकटीनं जायची मला भीती वाटायची. कुणी मला सोडायला लावली असं म्हणता येणार नाही. मी घरी राहते म्हणाले आणि कुणी आग्रह केला नाही.

दुकान म्हणजे आर्णीच्या बाजारातली पत्र्याची टपरी होती. शेजारी एक टीनवाला बसायचा, तो कंदील, डबे, चाळण्या बनवायचा आणि गळक्या बादल्यांना डाख लावायचा. दिवसभर त्याचा ठकठक आवाज आणि आमच्याकडच्या चार रेडिओंचा एकदम चाललेला गलका. बापूंचं नाव लांबवर होतं. मुकुटबनकडची माणसंही सेट फडक्यात बांधून एसटीनं घेऊन यायची. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या पावसाळ्यापासून बापूंचे हात कापायला लागले होते.

आधी चहाच्या बशीत कळलं, मग कैयात. बिघाड कुठं आहे ते बापू अजून कानानंच सांगायचे, पण कैयाचं टोक एका भोकावर ठेवायला गेले की ते तीन भोकांना चाटून यायचं आणि तिन्हींचं कथील एक व्हायचं. गिऱ्हाइकासमोर ते हात गमछाखाली ठेवून बसत. एक दिवस त्यांनी एक बोर्ड घरी आणला, मला गोठ्यातून बोलावलं आणि याडीला, म्हणजे माझ्या आईला म्हणाले, "हिले सुईत दोरा ओवतानी पाह्यलं का तू? एकदाही चुकत नाही. पाहू दे हात." याडीजवळ बसून मी लहानपणापासून कापडावर आरशाच्या बारीक काचा टाकायची. तो हात त्यांनी कामाला लावला. घरी मी डाख लावते हे बाजारात कुणाला माहीत नव्हतं. बापू लाल पेन्सिलीनं प्रिंटवर खूण करून बोर्ड सायकलवर आणायचे, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे.

मला ते काम इतकं आवडायचं की मी कुणाला सांगितलं नाही. चुलीजवळच्या खोलीत खिडकीखाली पाट, पाटावर बोर्ड, शेजारी डब्याच्या झाकणात राळ. कैयाचं टोक राळेत बुडवलं की गोड धूर निघायचा आणि तो याडीच्या भाकरीच्या वासात मिसळायचा. राळ लावली की तांब्यावरचा मळ सुटतो आणि कथील धरतं. सकाळी सहा ते नऊ हीच कामाची वेळ. नऊनंतर शेतातले मोटरपंप सुरू व्हायचे, आमच्या घरचा बल्ब लाल पडायचा आणि कैया नुसता कोमट व्हायचा. तसल्या कैयानं कथील चिखलासारखं ओढलं जातं. मग मी कैया टांगून ठेवायची आणि अंबाडी निवडायला घ्यायची. बापूंना अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी रोज दिली तरी चालायची. भिया कुरकुरायचा, "याडे, या घरात दुसरं झाड नाही का उगवत?" याडी हसून त्याच्याच ताटात जास्त वाढायची.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक व्यापारी दुकानात आला. तेव्हा गावोगाव वीज जायची आणि लोक बॅटरीचे दिवे मागायचे. त्याच्याकडे साठ दिव्यांचं सामान होतं: रिकामे बोर्ड, पिशव्यांत भरलेले पार्ट, ट्रान्सफॉर्मर, खोके. भरून द्यायचे, पंचवीस दिवसांत. बापूंनी काम घेतलं. त्या रात्री जेवताना ते म्हणाले की साठ दिवे नीट गेले की पेंटरला सांगून टपरीवरची पाटी बदलायची. आपलं नाव पुसायचं आणि वसंताचं लिहायचं. भिया जेवता जेवता थांबला. "मायं नाव?" एवढंच म्हणाला. बापू म्हणाले, "मंग कोणाचं, टीनवाल्याचं?" तीस बोर्ड भियानं दुकानात भरायचे आणि तीस मी घरी, असं ठरलं.

पिशव्या उघडल्या तेव्हा कळलं की माल जुना आहे. पार्टांचे पाय काळे पडले होते. चांगला पाय चांदीसारखा असतो. हे जळक्या खिळ्यासारखे होते. त्यावर कथील टेकवलं की ते गोळी होऊन घरंगळायचं, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं. राळ कितीही लावा, धरायचं नाही. एकच उपाय होता: ब्लेडनं एकेक पाय चारी बाजूंनी खरडायचा. एका बोर्डाला तीसेक पार्ट, कुणाला दोन पाय, कुणाला तीन. मी पहाटे बसायची आणि नऊ वाजेपर्यंत एकसुद्धा बोर्ड पुरा व्हायचा नाही. जास्त वेळ तापवलं तर प्रिंटच उखडून वर यायची, कांद्याच्या सालीसारखी. आठव्या दिवशी माझे सहा झाले होते, भियाचे बारा.  रोज संध्याकाळी बापू येऊन मोजल्यासारखं पाहायचे आणि मला वाटायचं, आता म्हणतील की राहू दे बाई, वसंता करीन. कैया माझ्या हातून जाईल या भीतीनं माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

त्याच आठवड्यात तांड्यावर कल्हईवाला आला. लिंबाखाली त्यानं भट्टी मांडली. मी याडीचं पातेलं घेऊन गेले आणि बायकांच्या मागं उभी राहिले. त्यानं तापल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला आणि वर कथील फिरवलं. ते काळं तांबं एका क्षणात पांढरं झालं. कथील पाण्यासारखं पळत होतं. मी तो धूर जाईपर्यंत तिथंच उभी होते. मग सगळ्या बायका गेल्यावर, जन्मात पहिल्यांदा, मी परक्या माणसाशी आपणहून बोलले. "थोडंसं देता का?"

"कायले पायजे वं?" तो म्हणाला.

"घरी भांडं आहे."

त्यानं कागदाच्या पुडीत मूठभर दिलं.

नवसागर पाण्यात कालवून मी काडीनं एका काळ्या पायाला लावला, न खरडता. कैया टेकवला आणि कथील असं धावलं की भोकाच्या आत उतरून वरच्या बाजूलाही चमकलं. त्या दिवशी नऊ वाजायच्या आत माझे तीन बोर्ड झाले. धूर घशाला लागत होता. याडी चुलीपासून खोकत म्हणाली, "कशाचा वास हा?" मी म्हणाले, "राळेचा. नवी आहे." पुडी मी भिंतीतल्या देवळीत, काचांच्या डब्यामागं ठेवली.

मुदतीच्या चार दिवस आधी माझे तीस झाले. बापूंनी एकेक बोर्ड उजेडात धरला, चिमट्यानं पाय ओढून पाहिले. एकही हलला नाही. त्यांनी भियाला जवळ बोलावलं. "पाह्य. याले म्हणतात डाख. आरशासारखा. तुयाच्यानं होते का असा?" भिया म्हणाला, "हिच्या हाताले साखर लावून ठेवली तुमी, मले ब्लेड देल्लं." सगळे हसले. मीही हसले. दोघांचे बोर्ड एकाच पोत्यात भरले गेले, खोक्यांत बसले आणि व्यापारी घेऊन गेला. पाटीचं सांगायला भिया दुसऱ्याच दिवशी पेंटरकडे गेला होता; पावसाळा सरला की रंगवतो, असं पेंटर म्हणाला.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते आता सांगते. राळ बोर्डावर राहिली तर काही करत नाही. नवसागर राहिला तर तो हवेतलं पाणी ओढतो आणि तांबं खात बसतो. कल्हईचं भांडं नंतर घासतात, धुतात. बोर्ड कोण धुणार? उन्हाळाभर काही झालं नाही. पाऊस लागला, हवा ओली झाली आणि श्रावणात दिवे परत यायला लागले. आधी दोन, मग पाच, मग एका दिवशी व्यापाऱ्यानं पोतंच आणून टपरीसमोर टाकलं. साठातले पंचवीस-सव्वीस गेले होते. उघडले तर प्रिंटवर हिरवी बुरशी आल्यासारखं झालेलं. नखानं टोकरलं की पट्टी तुटून यायची.

बापूंनी त्यातला एक घरी आणला आणि माझ्यासमोर पाटावर ठेवला. आवाज चढवला नाही. "बाई, तू राळच लावली होती ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडानं बोलले असते तर कदाचित अडखळले असते आणि त्यांना कळलं असतं. पण मी एरवीही मानच हलवायची, त्यात त्यांना काही वेगळं वाटलं नाही. ते म्हणाले, "मले माहीत होतं." आणि बोर्ड घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या बायकांबरोबर मी डबा घेऊन दुकानात गेले. व्यापारी उभा होता, टीनवाला हातोडी थांबवून बघत होता, आणखी चार-पाच जण होते. बापूंनी भियाला विचारलं, "तेजाब लावलं का तू?" तेजाब म्हणजे टीनवाल्याच्या बाटलीतलं अ‍ॅसिड, ते तो पत्र्याला डाख लावताना वापरायचा. ती बाटली दोन हातांवर होती.

भिया खोटं बोलणारा नव्हता. "लावलं होतं," तो म्हणाला. "तीन ट्रान्सफॉर्मरचे पाय धरूनच नोहते राह्यले. तीनच बोर्डाले लावलं, बापू."

"तीन? मले पंचवीस दिसून राह्यले."

"तीनच लावलं. कैयाच्या टोकाले लागून बाकीकडं गेलं असंन तर... माहीत नाही."

"माहीत नाही," बापू म्हणाले. त्यांचे हात गमछ्याच्या बाहेर आले होते आणि सगळ्यांसमोर कापत होते. त्यांना ते कळलंही नसावं. "तीस वर्सं लोकं माया भरोशावर सेट ठेवून गेले. कैया ठेव खाली. तुया हातात इमान नाही."

डबा माझ्या हातात होता. गरम होता. टीनवाल्याच्या टपरीपासून मी सहा पावलांवर उभी होते आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तिथं सात-आठ पुरुष होते, बाजार होता. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. भियानं कैया ठेवला, वायर स्विचबोर्डातून काढली, गुंडाळली, नीट ठेवली. माझ्या हातातून डबा घेतला आणि बापूंच्या शेजारी ठेवला. "जेवून घ्या तुमी," म्हणाला आणि उतरून गेला. त्या आठवड्यात तो एका ट्रकवाल्याबरोबर नागपूरला गेला. याडीनं त्याला भाकरी बांधून दिल्या. तो म्हणाला, "दिवाळीले येतो." आला नाही.

तो गेल्यावर घरात कुणी जेवणावरून कुरकुर करेना. याडी भाजी वाढायची आणि ताटाकडे बघत बसायची. आठ-दहा दिवस मी झोपले नाही. शेवटी एका सकाळी बापू ओसरीवर दाढी करत बसले होते, म्हणजे याडी त्यांची दाढी करत होती, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बापू, ते बोर्ड मी खराब केले. मी नवसागर लावला होता."

याडीचा हात थांबला. बापू साबणाच्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. "पाह्य वं," ते याडीला म्हणाले, "पाह्य तुयी पोरगी. भावासाठी आपल्यावर घेऊन राह्यली."

"नाही बापू, खरंच मी..."

"मले समजते, बाई. तुया हात मले माहीत आहे. मी ओढून पाह्यले होते ते पाय." त्यांनी आपला थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला. "तो कबूल झाला ना सगळ्यायसमोर. तू नको त्याच्यात पडू."

देवळी तिथून दहा पावलांवर होती. पुडीत अजून निम्मा नवसागर होता. ती आणून त्यांच्यापुढं ठेवली असती तर पुढं काही बोलायचीही गरज नव्हती. मी उभी राहिले. डोक्यावरचा हात मला सोडवेना. याडीनं त्या दिवशी माझ्या भाकरीवर तूप घातलं आणि मी ती खाल्ली. दुपारी पुडी नाल्यात टाकून आले.

मी सांगितलं होतं, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. माझं काम मी केलं, त्यांनी मानलं नाही. हे सांगणं चांगलं होतं, त्यावर दिवस निघायचे. माझं लग्न केळापूरकडे झालं. बापूंची टपरी त्यानंतर दोन वर्षांत बंद झाली, पाटी शेवटपर्यंत त्यांच्याच नावाची होती. भिया लग्नाला आला, मांडवात राबला, बापूंशी "हो", "नाही" एवढंच बोलला. बापू गेले तेव्हा आला आणि त्यानं सगळं रीतीप्रमाणं केलं. याडी गेली तेव्हाही आला. नागपुरात तो एका गोदामावर चौकीदार होता, तिथंच म्हातारा झाला. लोक विचारायचे, तू तर रेडिओचं काम जाणत होतास ना? तो हसून विषय बदलायचा. मी समजायचे की त्याला बापूंचा राग आहे.

गेल्या वर्षी तो आमच्याकडे चार दिवस राहायला आला. माझ्या मुलानं शेताच्या कुंपणाचं झटका मशीन उघडून खाटेवर ठेवलं होतं. रानडुकरं तूर लोळवून जात होती आणि मशीन मध्येच बंद पडत होतं. मला वाकून पाहताच दिसलं, ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती बारीक गोल चीर होती, डाख सुटला होता. भिया शेजारीच बसला होता. त्यालाही दिसलं असणार. मुलगा म्हणाला, "मामा, तुम्हाले येते ना हे? कैया आणून देतो."

भियानं दोन्ही हात मागं घेतले, विस्तवापासून घ्यावेत तसे. "नाही बापा. माया हात नको लावू त्याले. चालू असंन तेही बंद पडीन."

तो गमतीत बोलला नव्हता. मुलगा शेताकडे गेला. आणि मला तेव्हा कळलं की त्याला बापूंचा राग कधी नव्हताच. बापू म्हणाले ते त्यानं खरं मानलं होतं. पंचवीस बोर्ड आपल्या हातानं गेले, आपल्या हातात काही खोट आहे, असं समजून तो माणूस चाळीस वर्षं कैयापासून लांब राहिला होता.

मी त्याला सांगितलं. खाली बसून, त्याच्याकडे न बघता, कल्हईवाल्यापासून देवळीतल्या पुडीपर्यंत सगळं.  शेळी खुंट्याभोवती फिरून दावं गुंतवत होती, ती त्यानं उठून सोडवली आणि परत येऊन बसला.

"म्हंजे माये तीनच होते," तो म्हणाला.

"तीनच."

"बाकी समदे तुये."

"हो, भिया."

तो म्हणाला, "बापूले सांगायचं होतं."

"सांगतलं होतं. तू गेल्यावर. त्यायनं मानलं नाही. म्हणले, भावासाठी खोटं बोलून राह्यली."

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखर न समजून विचारावं तसं त्यानं विचारलं, "मंग अजून एक डाव काहून नाही सांगतलं, माय?"

मी मान खाली घातली.  तो उठला, त्यानं हातपाय धुतले, आणि मी वाढलं ते जेवला. चार दिवस राहणार होता, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. मी फाट्यापर्यंत पिशवी घेऊन गेले. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं पावसापाण्याचं बोललो.